चांगला चॅनल

१

वर्षश्राद्ध शनिवारी झालं. पाहुणे आपापल्या गाडीला लागले, आणि रविवारी सकाळी उमानं अ‍ॅम्प्लिफायरवरची चादर काढली.

मधुला जुन्या यंत्रांचं वेड होतं. पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून तो मिरजेच्या जुन्या बाजारात तासन्‌तास हिंडायचा. लाकडी पेटीतला, जाड चंदेरी बटणांचा हा स्टिरिओ त्यानं तिथूनच आणला होता. शेजारी कॅसेट डेक होता आणि त्याला दोन माइक लावता यायचे. शेवटच्या आजारात हृदय थकलं, जिना उतरणं थांबलं, तेव्हा त्यानं पलंग बाहेरच्या खोलीत घेतला आणि एक माइक उशाशी, दुसरा समोरच्या खुर्चीपाशी लावून घेतला.

"डावीकडं मी, उजवीकडं तू," तो म्हणाला होता. "म्हणजे भांडण कुणी काढलं त्याचा पुरावा राहील."

एका रविवारी दोघं तसे बसलेही होते. अर्धा तास. काय बोललो ते उमाला आता धड आठवत नव्हतं. कॅसेट अजून डेकमध्येच होती. तिच्यावर त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं : उमा आणि मी.

तिनं बटण दाबलं.

उजव्या स्पीकरमधून तिचा आवाज आला. स्वच्छ, शांत. "उशी वर करू का?"

डाव्या स्पीकरमधून मधु बोलला, पण त्याचा आवाज फाटत होता. ओलं कापड कुणी सावकाश टरकवत जावं तसा. तो कुठं थांबला, कुठं हसला एवढं कळत होतं. शब्द एकही हाती लागत नव्हता.

"अगं, मध्या बोलतोय का रेडू हंबरतंय?" स्वयंपाकघरातून लीलाबाईंनी विचारलं. मधुची ही थोरली बहीण कुंडलहून श्राद्धासाठी आली होती आणि आणखी आठवडाभर राहणार होती.

"डावी बाजू बिघडलीय, आक्का. बघते मी."

"बघ बाई. तू मास्तरीण."

उमा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. चोवीस वर्षं. असल्या बिघाडाला ती घाबरणारी नव्हती. ती घाबरत होती ती निराळ्याच गोष्टीला. मधुच्या शेवटच्या दोन महिन्यांत ती रोज कामावर गेली होती. रजा संपलीय असं तिनं घरात सांगितलं होतं. रजा संपली नव्हती. साठ दिवस शिल्लक होते. त्या खोलीत दिवसभर बसून त्याचा श्वास मोजणं तिच्यानं होत नव्हतं, एवढंच. मधुनं कधी विचारलं नाही. त्याला ते कळलं होतं का, आणि कळून त्यानं माफ केलं होतं का, हे सांगू शकणारी जगात एकच वस्तू उरली होती, आणि तिच्यातला त्याचा भाग फाटका होता.

२

पोरांना ती पहिल्याच दिवशी सांगायची : पेचकस हातात घ्यायच्या आधी बाजू बदला. डावं उजवीकडं लावा, उजवं डावीकडं. दोष कुणाबरोबर सरकतो ते बघा. जिथं सरकायचा थांबेल तिथं तो राहतो. आणि चांगला चॅनल हा तुमचा नकाशा. खराब बाजूचं प्रत्येक माप त्याच्याशी ताडून बघा.

तिनं आधी कॅसेट डेकचं झाकण उघडून पाहिलं. फीत जिथं घासत जाते तिथं तपकिरी भुकटी जमली होती. फीत झडत होती. दर वेळी वाजवताना मधु थोडा थोडा पुसला जाणार. मोबाइलवर उतरवून घेण्यात अर्थ नव्हता. फाटका आवाज फाटकाच उतरला असता.

चार वेळा, फार तर पाच, असं तिनं मनाशी धरलं.

तिनं स्पीकरच्या तारा बदलल्या. फाटका आवाज उजव्या स्पीकरवर गेला. म्हणजे स्पीकर ठीक होते. मग डेकमधून येणाऱ्या दोन केबल मागच्या बाजूला अदलाबदल करून लावल्या. दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या अंगात असेल तर आता मधु चांगल्या अंगातून येणार होता, स्वच्छ. तिचं बोट बटणावर क्षणभर अडलं.

मधु तसाच फाटका आला. आणि तिचा आवाज, जो आता खराब म्हटलेल्या अंगातून येत होता, तो तसाच स्वच्छ.

तिनं भजनाची एक जुनी कॅसेट लावली. दोन्ही बाजू निर्मळ. झाकण काढून मीटर लावला. डावीकडचे आणि उजवीकडचे आकडे काट्याला काटा जुळत होते.

दोष यंत्रात नव्हता. तो मधुबरोबर सरकत होता.

उमा जमिनीवर बसून राहिली. मग तिनं केबल होत्या तशा लावल्या, आणि सवयीनं, नकाशा पुन्हा एकदा नीट बघावा म्हणून, बॅलन्सचं बटण पूर्ण उजवीकडं फिरवून फक्त चांगली बाजू ऐकायला घेतली.

"पाय चेपू? गार पडलेत," तिचा आवाज म्हणाला. मध्ये अंतर. तिच्या माइकमध्ये लांबून उतरलेली मधुची अस्पष्ट पुटपुट. मग पुन्हा ती, "असू दे रे. मी काय तुझ्यावर उपकार करतेय?"

स्वतःचा आवाज कुणालाच ओळखीचा वाटत नाही. आपण तो आतून ऐकतो, कवटीच्या हाडातून, आणि बाहेरून ऐकला की परका वाटतो. हेही ती वर्गात सांगायची. त्यामुळं त्या आवाजातला मऊपणा तिला खटकला तरी तिनं तो सोडून दिला.

सोडून देता आलं नाही ते दुसरंच. आवाजाच्या मागं पोरांचा पाढा चालला होता. बे एके बे, बे दुणे चार. शेजारच्या प्राथमिक शाळेचा हा रोजचा गोंगाट. तिनं उठून खिडकी लावायला हात घातला आणि तो तसाच राहिला.

शाळेला कुलूप होतं. मैदानात एक कुत्रं झोपलं होतं. आज रविवार.

पाढा कॅसेटमध्ये होता. बे दाहे वीस झालं, आणि पाठोपाठ साखर कारखान्याचा बारा वाजताचा भोंगा वाजला.

म्हणजे हे त्या रविवारचं बोलणं नव्हतं. कॅसेटवर पुन्हा काही भरलं गेलं होतं, शाळेच्या दिवशी, भर बारा वाजता. त्या वेळी उमा आठ किलोमीटरवर कार्यशाळेत पोरांसमोर उभी असायची.

"आले की बघ, भोंग्याच्या आधी," तिचा आवाज म्हणाला. "रोजच्यासारखी."

३

"आक्का, जरा बाहेर या."

लीलाबाई पदराला हात पुसत आल्या आणि पलंगाच्या जागी आता ठेवलेल्या दिवाणावर बसल्या. उमानं थोडी फीत मागं घेऊन उजवी बाजू ऐकवली. दोनच मिनिटं. तिला भुकटी दिसत होती.

"हा माझा आवाज आहे का हो?"

"तुझा?" लीलाबाई हसल्या. "तू एवढं गोड कवा बोललीस गं माझ्या भावाशी? तू 'पाणी पी' म्हणलीस तरी त्यो उठून उभा ऱ्हायचा. हजेरी घेतल्यागत."

"थट्टा नको. नीट ऐका."

लीलाबाईंनी ऐकलं. त्या उभ्या पंचक्रोशीत हळदीला गाणी म्हणायला जायच्या. पन्नास वर्षांत हजार बायकांचे आवाज त्यांच्या आवाजात मिसळले होते. हळूहळू त्यांचं हसू गेलं.

"सूर तुझाच हाय," त्या म्हणाल्या. "पर तू न्हाईस ही."

"कशावरून?"

"ही दम घेत न्हाई."

"म्हणजे?"

"आगं, बाई गायली का बोलली तरी मधी दम घ्यावा लागतोच की. कोण नाकानं घेतं, कोण तोंडानं. लय चोरून घेतला तरी मला कळतो. एवढी बोलली ही, मध्याचा दम ऐकू येतोय लांबनं, धाप लागलीया त्याला. हिचा येतोय का बघ."

उमानं बटण बंद केलं.

"जुनी फीत आहे," ती म्हणाली. "बारीक आवाज झडून जातात. श्वास आधी जातो."

"मग मध्याचा कसा ऱ्हायला?"

लीलाबाई उठल्या. "माणसाचं मन असतं," त्या म्हणाल्या. "एकलं पडतं. कुणीतरी बाई येत असंल दुपारची बसायला. त्यात एवढं काय. मेलेल्या माणसाची झाडाझडती घेऊ नगं."

नवल म्हणजे, हे ऐकून उमाला बरं वाटलं. कुणीतरी बाई. चारचौघींसारखी, चप्पल घालून जिना चढणारी. मत्सर वाटावा असं काहीतरी. तिनं तो वाटून बघितला आणि तो टिकला नाही. कारण त्या बाईला कुणी उमा म्हणायचं कारण नव्हतं, आणि लांबून आलेल्या त्या पुटपुटीत एक शब्द तिला ओळखू आला होता. मधु फक्त तिच्या नावातला 'उ' असा ओढायचा.

४

सकाळच्या वेळी मधुचं करायला मयूरी नावाची बाई यायची. अंघोळ, औषध, नाश्ता आटपून अकराला ती दुसऱ्या घरी जायची. उमानं तिला फोन लावला.

"मयूरी, एक विचारायचं होतं. तू गेल्यावर साहेबांकडं कोण येत होतं?"

"कोण न्हाई, मॅडम. मी अकराला निघायचे, तीनला परत चहा द्यायला यायचे."

"शेजारचं कुणी? नात्यातलं?"

"न्हाई ओ. तुमीच की."

उमानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"साहेब मला दाराला कडी घालू द्यायचे न्हाईत," मयूरी सांगत होती. "म्हणायचे, राहू दे लोटलेलं, बाराला मॅडम येतात. मी म्हणलं पण एकदा, लय लांबनं येतात मॅडम जेवायच्या सुट्टीत. तर हसले. तीनला मी आले की खुर्ची पलंगाजवळ ओढलेली असायची. मी परत भिंतीला लावायचे." मग तिनंच विचारलं, "काय झालं का, मॅडम?"

"काही नाही. तू कधी मला बघितलंस का गं? दुपारी?"

"बघितलं न्हाई. पण एकदा लवकर आले होते, दोन-अडीचला. जिन्यात तुमचं बोलणं ऐकलं. म्हणलं नवरा-बायको बोलतायत, मधी कशाला जावं. खालीच बसले. तासाभरानं वर गेले तर साहेब एकटेच."

"आणि मी?"

"तुमी गेला असाल की," मयूरी म्हणाली. मग हळूच, "मी पायरीवरच बसले होते."

फोन ठेवल्यावर उमानं खोली बघितली. आत-बाहेर करायला एकच दार, एकच जिना. भिंतीला लावलेली ती खुर्ची. दोन महिने ती जेवायच्या सुट्टीत कार्यशाळेतल्या लोखंडी टेबलावर डबा उघडून बसायची आणि घड्याळ बघायची नाही.

औषधांनी माणसाला भास होतात. भास बोलतात, हेही तिनं वाचलं होतं. भास माइकमध्ये उतरत नाहीत.

५

उन्हं कलली तेव्हाही ती पेटीसमोर होती. लीलाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा ताट आणून शेजारी ठेवलं आणि काही न बोलता गेल्या.

तिच्या हाती काय होतं? यंत्र निर्दोष, दोष मधुत. बाजू बदलून झाल्या. खराब बाजूशी जोडलेली प्रत्येक गोष्ट तिनं चांगल्या बाजूशी ताडून बघितली होती. चोवीस वर्षं ती हेच करत आली होती, हेच शिकवत आली होती.

चांगल्या बाजूला मात्र तिनं हात लावला नव्हता. कुणीच लावत नाही. जे चालतंय ते कोण तोडतं?

तिनं पेटीच्या आत वाकून पाहिलं. दोन्ही चॅनलना वीज एकाच ठिकाणाहून जाते. एक अंग जास्त ओढू लागलं तर दुसरं उपाशी राहतं आणि त्याचा आवाज फाटतो. दिसायला आजारी दिसतं ते उपाशी अंग. ओढणारं अंग ठणठणीत दिसतं. हे पुस्तकात होतं. मीटर लावला तेव्हा भजनाची कॅसेट चालू होती, आणि तेव्हा कुणी ओढत नव्हतं.

बॅलन्सचं बटण फिरवून उपयोग नव्हता. त्यानं आवाज दबतो, तोडला जात नाही. तिनं मागं हात घालून उजव्या चॅनलची केबल डेकमधून उपटली. स्पीकरची तारही सोडवली आणि दोन्ही टोकं हातात धरली. मग तिनं फीत मागं नेली आणि बटण दाबलं.

"आलीस?" मधु म्हणाला.

इतका स्वच्छ, की उमानं मान वर केली.

खोलीत तोच होता. त्याची धाप, चादरीची सळसळ, ओठ ओले केल्याचा बारीक आवाज. लांब पाढा चालला होता. ती बाई कुठंच नव्हती. तिच्या माइकमध्ये मधु लांबून तरी उतरला होता. त्याच्या माइकमध्ये, चार फुटांवरून, तिची एक कुजबुजही उतरली नव्हती. ती बोलत असेल तिथं नुसती मोकळी जागा होती, आणि त्या जागेनंतर मधु उत्तर देत होता.

"नको, पाय असू दे."

मोकळी जागा.

"तुझी रजा संपेल अशानं. रोज अर्धा दिवस. साठ होते ना? मला माहीत आहे गं. तुमच्या ऑफिसातला एक जण भेटायला आला होता, तो बोलून गेला."

उमानं तारा घट्ट धरल्या.

"रागावलो होतो," मधु म्हणाला. "पहिले आठ-दहा दिवस. वाटलं, हिला माझ्याकडं बघवत नाही. मग म्हटलं, मला तरी कुठं बघवतंय? आणि मग तू यायला लागलीस. राग टिकला नाही बघ. तू आलीस म्हणून निभावलं."

हेच ऐकायला ती बसली होती. त्यानं माफ केलं होतं, आणि ती माफी दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकली होती. तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही.

भोंगा वाजून गेला. बोलणं चालू राहिलं. कुंडलच्या शेताचं काहीतरी, आक्काच्या गुडघ्याचं काहीतरी. मोकळ्या जागा लहान लहान होत गेल्या. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. लीलाबाई ऐकत असाव्यात.

"उमा," मधु म्हणाला. आवाज उतरला होता. "एक विचारू? राग मानू नको."

सकाळी उजवी बाजू ऐकताना फितीच्या शेवटी नुसती खरखरच उरली होती, दोन मिनिटांची. म्हणजे या प्रश्नाला त्या बाईनं उत्तर दिलं नव्हतं.

"तू संध्याकाळी येतेस तेव्हा दुपारचं काही बोलत नाहीस. मी काढलं तर माझ्याकडं बघत राहतेस. आणि दुपारी येतेस तेव्हा..." त्याला धाप लागली. "दुपारी तू उन्हातून येतेस आणि तुझा हात गार असतो. काल मी नाडी बघितली. गंमत म्हणून. किती वेळ बघितली."

पाढा थांबला होता. शाळेत कुणीतरी बाकावर छडी आपटली.

"मला भीती वाटतेय," मधु म्हणाला. "तू उमाच ना?"

आणि तो थांबला. फीत फिरत होती. तो वाट बघत होता. तिला त्याचा अडकवून धरलेला श्वास ऐकू येत होता. एक वर्षापूर्वीच्या एका दुपारी, या भिंतींमध्ये, त्यानं हे विचारलं होतं आणि समोरून कुणी बोललं नव्हतं. तो कितीतरी वेळ तसाच घाबरून पडून राहिला असेल. ती त्या वेळी डबा धूत असेल.

तिला माहीत होतं की ही फीत आहे. माहीत असूनही ती उठली, भिंतीची खुर्ची ओढून घेतली, आणि तो ज्या बाजूला होता त्या बाजूला तोंड करून बसली. या एवढ्या मोकळ्या जागेत तो एकटा राहू नये, इतकंच तिला कळत होतं.

"हो," ती म्हणाली. "मीच आहे. घाबरू नको. मी इथंच आहे."

मधुनं श्वास सोडला.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मग बस अशी जवळ."

फीत संपली. डेकचं बटण आपोआप वर आलं.

उजवी केबल आणि स्पीकरची तार अजून तिच्या मुठीत होती. दोन्ही टोकं मोकळी. मागं स्वयंपाकघराच्या दारात लीलाबाई येऊन उभ्या होत्या. चौकटीला धरून.

"अगं उमा," त्या म्हणाल्या, "तू काय म्हणलीस त्याला? बोलताना दिसलीस, पर मला तुझं ऐकूच आलं न्हाई. ती बाईच बोलली मधी."